शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

मराठी वर्णमालेत ‘ढ’ नावाचे एक अक्षर आहे. त्याने कोणाचे काही वाकडे केलेले नाही. तरीसुद्धा वर्गात मागे पडलेल्या मुलाला आपण सर्रास याच अक्षराने हाक मारतो. प्राचीन ब्राह्मी लिपीपासून आजतागायत या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, एवढे मात्र खरे की सहा-सात वर्षांच्या मुलाच्या कपाळी हे अक्षर एकदा चिकटले म्हणजे सहजासहजी पुसले जात नाही. मूल स्वतःही ते खरे मानू लागते, मागच्या रांगेत जाऊन बसते आणि एक दिवस शाळेत येणेच बंद करते.

ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याच्यात दोष शोधण्याआधी आपण त्याला काय दिले आणि काय दिले नाही हे पाहावे, असे मानणारी काही थोर माणसे होऊन गेली. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेनेच चालत मुलापर्यंत जावे, हे ज्यांनी स्वतः करून दाखविले, अशा कै. ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्याचा अल्प परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींना शाळेत घालणे हीच मोठी गोष्ट समजली जाण्याचा तो काळ. परंतु केळकरांच्या घरातील वातावरण सुधारणेचे होते. त्यामुळे ताराबाईंना उच्च शिक्षण मिळाले आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया त्या वेळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या विदर्भाशी त्यांचे नाते विवाहामुळे जडले. त्यांचे यजमान अमरावतीचे वकील होते. तेथे राहत असतानाच ताराबाईंना शिकविण्याची गोडी लागली. पुढे संसाराची घडी बसली नाही आणि १९२१ मध्ये हा विवाह कायद्याने संपुष्टात आला. त्या काळी एकट्या स्त्रीने समाजात ताठ मानेने जगणे किती कठीण होते, हे वेगळे सांगावयास नको. ताराबाईंनी मात्र रडत न बसता राजकोट येथील महिलांच्या एका शिक्षणसंस्थेचे प्राचार्यपद स्वीकारले. पगार चांगला होता, मान होता, पुढील आयुष्याची चिंता नव्हती.

तरीही त्यांचे मन तेथे रमले नाही. जवळच भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाच्या एका अवलियाने लहान मुलांसाठी बालमंदिर चालविले आहे, असे त्यांच्या कानी आले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी वाहता वाहता ते मुलांच्या शिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, उलट गोष्टी, गाणी, खेळ आणि हाताने करावयाची कामे, अशी ही शाळा. भरघोस मिशांच्या या गुरुजींना गुजरातेत मिशीवाली आई असे लाडाचे नाव पडले. १९२३ मध्ये ताराबाई मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली शिकावयास गेल्या. महाविद्यालयाच्या प्राचार्येने चार वर्षांच्या मुलांची बाई व्हावे, याला लोकांनी वेडेपणाच म्हटले असेल. पण पुढील सारे कार्य त्याच वेडातून उभे राहिले.

गिजुभाई आणि ताराबाई यांचा आधार होता तो इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा. आज माँटेसरी म्हटले म्हणजे शहरातील श्रीमंत घरांच्या मुलांची शाळा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या पद्धतीचा उगम अगदी निराळ्या ठिकाणी झाला. माँटेसरीबाई पेशाने डॉक्टर. रोम शहरात ज्या मुलांना मंदबुद्धी ठरवून बाजूला टाकले होते, त्यांच्यावर त्यांनी प्रथम काम केले. वस्तू हाताळून, स्पर्शाने, कानाने आणि डोळ्यांनी शिकवत शिकवत त्यांनी या मुलांना लिहावयास व वाचावयास शिकविले. सर्वसाधारण मुलांबरोबर त्यांना परीक्षेला बसविले आणि ती उत्तीर्ण झाली. सगळीकडे वाहवा झाली. पण बाईंच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. जी मुले दुबळी म्हणविली जातात ती जर धडधाकट मुलांच्या बरोबरीने येतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा इतके मागे का ठेवतात? याच प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले.

वाचन शिकविण्याची त्यांची रीत साधी होती. पाटीवर अक्षर काढून ते शंभर वेळा गिरवून घेण्याऐवजी खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती पुठ्ठ्यावर चिकटवावयाची. मुलाने त्या अक्षरावरून बोट फिरवावे, त्याच वेळी अक्षराचा उच्चार कानावर पडावा आणि तोंडानेही तो करावा. डोळा, कान, जीभ आणि हात या चौघांनी मिळून एक अक्षर ओळखावयाचे. एका वाटेने जे मनात शिरत नाही ते दुसऱ्या वाटेने शिरते. मागे राहणाऱ्या मुलाला याची गरज अधिक असते, कारण त्याची एखादी वाट थोडी अरुंद असते एवढेच.

भावनगरला ताराबाईंनी हे सारे शिकून घेतले, पारखून पाहिले आणि आपल्या देशातील मुलांना साजेल असे रूप त्याला दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून आईबापांना व शिक्षकांना समजेल अशा सोप्या भाषेत त्या लिहू लागल्या. मुले हट्ट का करतात, शिस्त म्हणजे काय, मुलाला मारल्याने काय होते, असे त्यांचे विषय असत. पुढे त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. बालवर्गाबरोबरच शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय तेथे झाली. महाराष्ट्रातील अनेक बालशिक्षिका या संस्थेतून तयार झाल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत होती. दादरच्या शिशुविहारात येणारी मुले सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घरांतील होती. घरात पुस्तके होती, वर्तमानपत्र होते, गोष्टी सांगणारी आजी होती. अशी मुले थोड्याशा मदतीने वाचू लागतात. ज्यांच्या घरात कागदाचा कपटाही नाही, ज्यांची आई पहाटे मजुरीला जाते, ज्यांची बोली पुस्तकात सापडत नाही, त्यांचे काय? १९३१ मध्ये लंडन येथे महात्मा गांधी आणि माँटेसरीबाई यांची भेट झाली, तेव्हा गांधीजींनीही हीच तळमळ व्यक्त केली होती, की हे शिक्षण खेड्यातील गोरगरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे.

१९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई मुंबई सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तेथे आचार्य भिसे यांचे शिक्षणकार्य चालू होते. त्यांच्या साहाय्याने ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन झाले. याच वेळी अनुताई वाघ नावाची एक शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या अनुताईंनी ताराबाईंची साथ अखेरपर्यंत सोडली नाही आणि त्यांच्यामागे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तेच काम पुढे नेले.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती हवी होती ती मुले येईनात. गावातील बऱ्या घरची मुले आली. हरिजनवाड्यातील व आदिवासी पाड्यावरील मुले दारापर्यंतही फिरकली नाहीत. दुसरे कोणी असते तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून मोकळे झाले असते. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल येत नाही ना, मग आपण जाऊ. त्या आणि त्यांच्या सहकारी रोज पाड्यावर जाऊ लागल्या आणि एखाद्या झोपडीपुढील अंगणातच मुले गोळा करून बसू लागल्या. जी शाळा अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशाच्या कानाकोपऱ्यात घरोघरी माहीत असलेला हा शब्द त्या अंगणांतून आलेला आहे.

या अंगणात पहिल्या दिवशी पाटी निघाली नाही. मुले उपाशी होती, अंगावर खरूज होती, केसांत जटा होत्या. म्हणून आधी आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे, काहीतरी खावयास देणे. त्यानंतर गाणी आणि गोष्टी, त्याही मुलांच्या ओळखीच्या जगातील. महागडी साधने आणणे शक्यच नव्हते आणि ताराबाईंना ती नकोही होती. चिंचोके, शंखशिंपले, पाने, फुले, बिया, खडे, काटक्या, माती हेच साहित्य. चिंचोके मोजता मोजता संख्या आली, बिया निवडता निवडता डोळ्याला फरक ओळखण्याची सवय लागली, मातीचे आकार करता करता बोटे वळू लागली. अक्षराची ओळख त्यानंतर. अक्षराच्या आधीची ही जी शिदोरी आहे ती सुशिक्षित घरातील मुलाला न कळत मिळते. ज्याला घरी मिळत नाही त्याला ती शाळेने द्यावी लागते. वाचनात मागे असलेल्या मुलाला मदत करणे म्हणजे तोच धडा अधिक मोठ्या आवाजात पुन्हा शिकविणे नव्हे, तर त्याची जी पायरी सुटली आहे तेथपर्यंत खाली उतरणे होय. ताराबाईंच्या साऱ्या कार्याचे सार या एका गोष्टीत आहे.

बोर्डीतील दहा-बारा वर्षांच्या अनुभवानंतर हे केंद्र जवळच असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. सभोवार वारली व इतर आदिवासींचे पाडे. ताराबाईंचे वय आता पासष्टीकडे झुकले होते. येथे नवी अडचण उभी राहिली. सात-आठ वर्षांची मुले गुरे राखावयास जात आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी बसत. गुरे सोडून मुलगा शाळेत कसा येणार? म्हणून गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षिका गेल्या आणि कुरणशाळा सुरू झाली. मुलींसाठी वेगळा तोडगा काढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. मुलीने धाकट्या भावाला घेऊनच यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. या योजनेला विकासवाडी हे नाव मिळाले. जी मुले कायमची निरक्षर राहिली असती ती अशा रीतीने अक्षरांपर्यंत येऊन पोहोचली.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपले नाव आपल्या शब्दामागे झाकून जावे, असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

वाचकहो, बोर्डी-कोसबाडची ही कहाणी आपल्या ब्रह्मपुरीपासून शेकडो मैल दूरची असली तरी ती परकी नाही. आपलाही मुलूख जंगलाचा आणि धानाचा. रोवणीच्या दिवसांत आईबाप बांधीत असतात, मोहफुलाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे रानात जातात, आणि घरातील मोठी बहीण धाकट्यांना सांभाळते. आणखी एक गोष्ट पाहा. पहिलीच्या वर्गात बाई ‘पाणी’ हा शब्द फळ्यावर लिहितात. झाडीबोली बोलणाऱ्या घरातील मूल ‘पानी’ म्हणते. उर्दू बोलणाऱ्या घरातील मूलही ‘पानी’च म्हणते. गोंडी घरातून आलेल्या मुलाला ‘येर’ हा शब्द ठाऊक असतो. तिघेही तहान लागली म्हणजे तेच मागतात, पण फळ्यावरील अक्षरांशी तिघांच्याही तोंडातील आवाज जुळत नाही. यात मुलाची बुद्धी कमी कोठे आहे? ती तिन्ही मुले एक जास्तीचे काम करीत आहेत, एवढेच शिक्षकाने ओळखावयाचे आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली, तेव्हा माडिया मुलांच्या बाबतीत तेथील कार्यकर्त्यांनाही आधी त्यांची बोली शिकावी लागली होती.

आपल्या मुस्लिम घरांतील कित्येक मुले सकाळी मकतबात उजवीकडून डावीकडे कायदा वाचतात आणि नंतर शाळेत डावीकडून उजवीकडे मराठी वाचतात. पुढे इंग्रजीही येते. दोन-तीन लिप्या लहानपणी येणे ही दौलतच आहे. मात्र सुरुवातीच्या काळात मूल दिशेत गोंधळले तर त्याला रागावू नये. ओळीखाली बोट ठेवून कोठून कोठे जावयाचे हे दाखविले म्हणजे पुष्कळदा गोंधळ निवळतो.

प्रश्न किती मोठा आहे हे आकड्यांवरूनही दिसते. ‘असर’ या पाहणीप्रमाणे २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २७.१ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे चारांतील जवळजवळ तीन मुले मागे आहेत. सगळीच मुले मंदबुद्धी असणे शक्य नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली आणि २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले, ही समाधानाची बाब होय. परंतु धोरण दिल्लीत ठरते आणि मूल आपल्या मोहल्ल्यात, आपल्या टोल्यावर असते.

मग आपण काय करावे? सुरुवात तपासण्यापासून करावी. फळ्यावरचे दिसते का आणि मागून हाक मारली तर ऐकू येते का, हे पाहावे. पुष्कळदा मूल फळ्यावरून सुरेख अक्षरात उतरवून घेते आणि आपली समजूत होते की त्याला वाचता येते. तेच वाक्य दुसऱ्या कागदावर दाखवावे म्हणजे खरे काय ते कळेल. त्यानंतर कान तयार करावा. कमल, कणीस, कपाट यांत सुरुवातीला कोणता आवाज आला, असे खेळ पाटीपेन्सिलीशिवाय अंगणातही खेळता येतात. अक्षरे घेताना सगळी वर्णमाला एकदम लादू नये. ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची चार अक्षरे घेऊन त्यांतूनच शब्द करून दाखवावेत. ‘नग’, ‘मन’, ‘नभ’ हे शब्द स्वतःच्या बळावर वाचता आले की मुलाच्या डोळ्यांत जी चमक येते तीच पुढचे काम करते. काना, वेलांटी, मात्रा एकेक करून यावीत. जोडाक्षरांची घाई नको. वाळूत, रांगोळीत, धानाच्या कोंड्यात बोटाने अक्षर काढू द्यावे. रोज पंधरा-वीस मिनिटे, तीन-चार मुलांना जवळ बसवून, हसतखेळत.

इतके करूनही एखादे मूल अडखळतच राहिले तर त्याला आळशी म्हणू नये. अक्षरवाचनाची विशिष्ट अडचण, जिला डिस्लेक्सिया म्हणतात, ती हुशार मुलांतही आढळते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अशा अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. अशा मुलास तज्ज्ञास दाखवून त्याला मिळावयाची ती मदत मिळवून देणे हे शाळेचे आणि पालकांचे कर्तव्य आहे.

पालक बंधुभगिनींनो, ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिने आपण काही करू शकत नाही असे मानू नये. आपल्या बोलीत गोष्ट सांगणे, मूल वाचते तेव्हा शेजारी बसून ऐकणे, हे तिलाही करता येते आणि त्याचे मोल शिकवणीहून कमी नाही. आपल्या वस्तीत दहावी-बारावी झालेल्या मुली आहेत, सेवानिवृत्त मास्तर आहेत, संध्याकाळी रिकामे असलेले ओटे आहेत. ताराबाई जेव्हा पाड्यावर गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ याहून अधिक काही नव्हते.

शाळेच्या हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे वारंवार गैरहजर असे लिहिले जाते, ते मूल याच क्षणी कोणाच्या तरी अंगणात बसलेले आहे. तेथपर्यंत चालत जाण्यास फार वेळ लागत नाही. ताराबाईंचे जीवन आपणास एवढेच सांगते की ते अंतर मुलाने नव्हे, मोठ्यांनी चालावयाचे असते.